शेवटचा दिवस कोरपन्यात मोजा

मा. मंत्री महोदय,
आदिवासी विकास विभाग, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई



आश्रमशाळेची मुले परदेशी जाणार म्हटले की शासन निर्णय निघतो, निवड समिती बसते, प्रशिक्षणाचे वेळापत्रक ठरते, निघायच्या दिवशी झेंडी दाखवली जाते. हे सगळे बऱ्यापैकी नीट होते. ते आधीच मान्य करून टाकतो, म्हणजे हे पत्र तक्रारींच्या फायलीत जाऊन पडणार नाही. मला बोलायचे आहे ते कार्यक्रमपत्रिकेतल्या शेवटच्या ओळीबद्दल. कुठल्याही शाळेची परदेशी सहल घ्या, त्या ओळीत बहुधा तीनच गोष्टी असतात: नाश्ता, खरेदी, विमानतळ. खाली आडवी रेघ. मग हारतुरे, फोटो, खर्चाची बिले, उपयोगिता प्रमाणपत्र, आणि सहल संपली.

कोरपन्यातून पाहिले तर ती रेघ फार लवकर ओढली जाते. एवढेच सांगायला हे पत्र लिहितो आहे. पण एवढ्यावर तुमचे अधिकारी ऐकणार नाहीत, म्हणून जरा सविस्तर.

आमच्या भागाला परदेश नवा नाही, हे मुंबईत बसून खरे वाटणार नाही. कोरपना आज चंद्रपूर जिल्ह्यातला तालुका आहे. पण कोरपन्यासह राजुऱ्याचा हा सगळा पट्टा पूर्वी हैदराबाद संस्थानात, आदिलाबाद जिल्ह्यात होता. वर्धा नदीच्या पलीकडे चांदा, म्हणजे आजचे चंद्रपूर, हा इंग्रजांचा मुलूख, अलीकडे निजामाचा. नदी ओलांडली की राज्य बदलायचे आणि पैसाही बदलायचा, कारण निजामाचा हाली सिक्का वेगळा चालायचा. 17 सप्टेंबर 1948 ला निजामाचे राज्य संपले. 1956 च्या राज्य पुनर्रचनेत राजुरा मुंबई राज्यात आला, आधी नांदेड जिल्ह्यात, आणि 1959 मध्ये चांद्याला जोडला गेला. आणि हे सगळे जुने झाले असेही समजू नका. शेजारच्या जिवती तालुक्यातली 14 गावे अशी आहेत की त्यांच्यावर महाराष्ट्रही हक्क सांगतो आणि तेलंगणाही. तिथे वर्षानुवर्षे दोन्हीकडची रेशनकार्डे आहेत, दोन्हीकडच्या मतदार याद्यांत नावे आहेत, मराठी शाळा आहे तशी तेलुगूही आहे. आपण नेमके कुठले, हा प्रश्न तिथल्या पोरांना विमानात बसायच्या कितीतरी आधी पडलेला असतो.

अशा भागातली मुले 2018 साली हिमालयात गेली. ‘मिशन शौर्य’ हे नाव तुमच्या विभागाला आठवत असणारच. चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांची दहा मुलेमुली निवडली होती, त्यांत जिवती, देवाडा अशा आमच्याच बाजूच्या शाळांतली होती. ऑगस्ट 2017 पासून त्यांची तयारी सुरू झाली. वर्धा, हैदराबाद, दार्जिलिंग, लडाख अशी ठिकाणे करत ती एव्हरेस्टच्या पायथ्याशी पोचली. मे महिन्याच्या मध्याला मनीषा धुर्वे, प्रमेश आळे, उमाकांत मडावी, कविदास काटमोडे आणि विकास सोयाम ही पाच जण शिखरावर उभी राहिली. त्या दिवसांत आमच्याकडे पारा 45 अंशांच्या वर असतो, डांबर पायाला चिकटते. 27 मे रोजी पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये या पाचांची नावे घेतली. राज्य सरकारने त्यांना प्रत्येकी 25 लाख रुपये जाहीर केले. न पोचलेल्यांनाही बक्षीस जाहीर झाले, रक्कम कमी. या कल्पनेचे मूळ शेजारच्या तेलंगणात होते हेही नोंदवले पाहिजे. निजामाबाद जिल्ह्यातली मलावत पूर्णा ही सरकारी निवासी शाळेची मुलगी 2014 मध्ये, वयाची 14 वर्षे पुरी व्हायच्या आत, तिबेटच्या बाजूने एव्हरेस्टवर चढली होती. आणि पुण्याचे सुरेंद्र चव्हाण 1998 मध्ये शिखरावर पोचले, ते एव्हरेस्ट चढलेले पहिले मराठी गिर्यारोहक. त्यानंतर नेमक्या 20 वर्षांनी, मे महिन्याच्या त्याच सुमाराला, आमची आश्रमशाळेची पोरे तिथे होती.

कागदावर ती मोहीम होती. मुलांच्या बाजूने पाहिले तर ती शाळेने काढलेली परदेशवारीच होती. शाळेने निवडले, शाळेचे मित्र बरोबर होते, घरची परवानगी मास्तरांच्या शब्दावर मिळाली होती.

आता मला सांगा, या सहलीचा शेवटचा दिवस कोणता धरायचा?

शिखरावरचा दिवस म्हणाल, तर गिर्यारोहक तो मानत नाहीत. वर पोचणे म्हणजे निम्मी वाट. खरे अपघात उतरताना होतात: अंग थकलेले, प्राणवायूची नळकांडी रिकामी होत आलेली, मन सैल पडलेले. मे 1996 मध्ये एका वादळात एव्हरेस्टवर आठ जण गेले, त्यांतले बरेचसे शिखर गाठून परतणारे होते. म्हणून मोहिमेत परत फिरायची वेळ आधीच ठरवलेली असते. ती झाली की शिखर समोर दिसत असले तरी मागे वळायचे. मग तळावर सुखरूप उतरल्याचा दिवस धरायचा? मुंबईतल्या सत्काराचा? तुमच्या विभागाच्या दृष्टीने बहुधा तोच. त्या दिवशी कॅमेरे असतात, शाल असते, मोठ्या आकाराचा धनादेश असतो.

माझे म्हणणे असे की तो दिवस अजून पुढे आहे. ज्या शाळेतून मूल निघाले त्या शाळेच्या पटांगणात, ज्या दिवशी ते इतर मुलांच्या समोर बसते आणि ती मुले त्याला विचारतात, तो शेवटचा दिवस. मंत्री नाही, माईक नाही, पाहुण्यांची ओळख करून देणे नाही. मुलांना काय विचारायचे असते ते मास्तरांना ठाऊक असते. तिथे संडासला कसे जातात? भात शिजतो का? रडू आले का? मेलेला माणूस दिसला का? घरी फोन लागायचा का? हे प्रश्न सत्कारात कोणी विचारत नाही, आणि विचारले तर आयोजक अस्वस्थ होतात. पण सहावीतल्या पोराला जग कळायला सुरुवात होते ती याच प्रश्नांपासून.

यात एक साधी अडचण आहे, ती मंत्रालयात लक्षात येत नसावी. एव्हरेस्टच्या मोहिमा बहुधा मेअखेर संपतात. त्या वेळी आमच्या शाळा बंद असतात. विदर्भात उन्हामुळे शाळा जूनच्या शेवटी उघडतात. वसतिगृहाला कुलूप, मुले आपापल्या गुड्यावर, म्हणजे पाड्यावर, कोणी तेंदूच्या हंगामात, कोणी वावरात पेरणीच्या धांदलीत. मूल जग बघून परत येते तेव्हा त्याच्या बरोबरीचे कोणीच तिथे नसते. सत्काराला जमतात ते पुढारी, अधिकारी, वार्ताहर. जूनच्या शेवटी शाळा भरते तोवर बातमी शिळी झालेली असते आणि ते मूल एक तर पुढच्या वर्गासाठी दुसरीकडे गेलेले असते, नाहीतर ‘आपला एव्हरेस्टवीर’ म्हणून भिंतीवरच्या फोटोत गेलेले असते. फोटोला प्रश्न विचारता येत नाही.

पटांगणातल्या त्या दिवशी काय होऊ शकते, याचे एकच उदाहरण देतो, कारण ते मला फार आवडते.

कोरपना तालुका सिमेंटचा आहे. गडचांदूर, आवारपूर, उपरवाही, नारंडा. चारही बाजूंना कारखाने, रात्रंदिवस ट्रक. आमची पोरे लहानपणापासून चुनखडीची धूळ खाऊन मोठी होतात. चुनखडी म्हणजे गरिबाची जमीन घेणारा दगड, एवढीच तिची ओळख. आता एव्हरेस्टचे शिखर कशाचे आहे? चुनखडीचे. समुद्राच्या तळाशी साचलेला गाळ, त्यात त्या काळच्या समुद्री जीवांचे अवशेष, सुमारे 45 कोटी वर्षांपूर्वीचे. भारताचा भूखंड आशियाला धडकला आणि तो समुद्रतळ वर उचलला गेला. आमच्याकडची पैनगंगेच्या खोऱ्यातली चुनखडी त्याहूनही जुनी आहे. तीही समुद्रातच साचली, प्राण्यांना कवच फुटायच्याही आधी. म्हणजे आवारपूरच्या ट्रकमधून सांडलेला खडा हा एव्हरेस्टच्या माथ्यावरच्या दगडाचा थोरला भाऊ.

हे भूगोलाच्या पुस्तकातूनही शिकवता येईल. पण तिथे जाऊन आलेल्या मुलीने बुटाखालच्या त्या खडकाबद्दल सांगावे, आणि मास्तरांनी रस्त्यावरचा खडा उचलून तिच्या हातात द्यावा, याला वेगळा जोर आहे. त्या एका तासात कोरपन्याचे पोर एव्हरेस्टचे सोयरे होऊन जाईल. मुलीने वर जाऊन आपली छाती फुगवावी यासाठी शासनाने पैसे खर्च केले नव्हते ना? आपल्या गावाचा दगडही जगाच्या हिशेबात आहे, हे खाली राहिलेल्यांना कळावे, यासाठीही ते असावेत असे मी धरून चालतो. चूक असेल तर तसे कळवावे.

दुसरी गोष्ट परत फिरलेल्या मुलांची. दहांपैकी पाच पोचली. उरलेल्या पाचांची नावे मी इथे लिहीत नाही, त्यांना पुन्हा त्या यादीत उभे करायचे नाही. पण वर्गात आधी त्यांना बोलू द्यावे असे मला वाटते. आश्रमशाळेत मास्तरांना रोज भेटतो तो शिखर गाठणारा मुलगा नसतो. दहावीत दोन विषय राहिलेला असतो. मलेरियाने महिनाभर घरी पडलेला असतो. दिवाळीला गेला तो परत न आलेला असतो, आणि परत आला तर तोंड लपवून मागच्या बाकावर बसलेला असतो. त्याला कोणीतरी सांगायला हवे की मागे वळणे हा धडा जगातल्या सर्वांत उंच डोंगरावर शिकवला जातो, त्यासाठी वेळ आधी ठरवतात, आणि वेळेवर वळलेल्याला शेर्पा शाबासकी देतात. हे सांगायचा अधिकार वळून आलेल्यालाच आहे. आपण बक्षिसाच्या रकमेत त्याचा क्रमांक खाली लावला. पटांगणात तरी वर लावू.

आता तुम्ही म्हणाल की परतल्यावर असा दिवस पाळायची पद्धत आणायची कुठून. लांब जायला नको. आमच्या सीमेपासून काही तासांवर, आदिलाबाद जिल्ह्यात केसलापूरला नागोबाची जत्रा भरते, पौष अमावास्येला. मेश्राम कुळातले गोंड तिचे मानकरी. जत्रेच्या आधी ते गोदावरीचे पाणी आणायला पायी निघतात, जन्नारमजवळच्या हस्तिनमडुगूपर्यंत, अनवाणी. कोणत्या गावी थांबायचे, पाण्याची झारी कशी न्यायची, सगळे ठरलेले. पण माझ्या मते खरी शिस्त येतानाची आहे. पाणी घेऊन आलेली माणसे तडक घरी जात नाहीत. केसलापूरच्या वडाखाली मुक्काम पडतो. तिथे सगळे कूळ जमते, देवाला पाणी वाहिले जाते, नव्या सुनांची देवाशी ओळख करून दिली जाते. मग वाट मोकळी. आपल्याकडे काशी करून आलेला माणूस मावंदे घातल्याशिवाय यात्रा पुरी झाली म्हणत नसे, तेही त्यातलेच. ज्यांना जाता आले नाही त्यांच्या पानात वाट्याचे पडल्याशिवाय प्रवास संपत नाही, हे आमच्या माणसांना शासन निर्णय निघण्याच्या कितीतरी आधीपासून माहीत आहे.

आणि लांबचेच उदाहरण हवे असेल तर जपान घ्या. तिथे शाळेची सहल ही 1886 पासूनची पद्धत आहे. टोकियोच्या नॉर्मल स्कूलचे विद्यार्थी त्या वर्षी पायी लांबच्या वाटेला निघाले तेव्हापासून. आज तिथली बहुतेक शाळकरी मुले आपल्या शालेय आयुष्यात अशी मोठी सहल करतात. तिचा एक ठरलेला भाग परतल्यावर असतो. मुले पाहिलेल्या गोष्टींची भित्तिपत्रके करतात, खालच्या वर्गांपुढे मांडतात, पालकांना बोलावून सांगतात. हिरोशिमाला जाऊन आलेल्या वर्गाने काय पाहिले ते शाळेत सांगितल्यावरच सहल पुरी. आमच्याकडे सहलीनंतर एकच गोष्ट सक्तीची असते. ‘माझी सहल’ या विषयावर निबंध, 15 ओळींत, शेवटी ‘अशी ही सहल मी कधीच विसरणार नाही’. सगळ्यांची सहल एकच निघते!

परदेशातल्या शेवटच्या दिवसाबद्दलही थोडे बोलतो, कारण तो वाया घालवायची आपली पद्धत मोठी निष्ठुर आहे. मोहिमेची गोष्ट बाजूला ठेवा. आता राज्यात मुलांना विमानाने नेण्याचे वारे आहे. जिल्हा परिषदेची मुले इस्रोला जातात, पुणे जिल्हा परिषदेने तर परीक्षा घेऊन निवडलेल्या मुलांना अमेरिकेत नासापर्यंत न्यायचे ठरवले. चांगलेच आहे. पण शेवटच्या दिवशी ही मुले काय करतात? बॅगा भरतात, फलक धरून फोटो काढतात, घरच्यांसाठी किल्लीच्या साखळ्या घेतात. थकलेल्या शिक्षकाला मोजणी करायची असते, पासपोर्ट सांभाळायचे असतात. त्याचा दोष नाही. त्याला कोणी सांगितलेलेच नाही की या दिवसाचे काय करायचे.

समजा आमची मुले काठमांडूत आहेत. गोंडी किंवा कोलामी घरी, मराठी शाळेत, अशी ही पोरे. आयुष्यभर त्यांना दुसऱ्याची भाषा शिकावी लागली. काठमांडूच्या रस्त्यात ती दुकानावरची पाटी वाचायला लागतात आणि दचकतात. परका देश, परकी भाषा, पण अक्षरे आपलीच, देवनागरी! वर्तमानपत्रावरचे साल मात्र वेगळे. मे 2018 मध्ये तिथे 2075 होते, कारण तिथल्या सरकारी कागदांवर विक्रम संवत चालतो. हातातले घड्याळ तिथल्या घड्याळाशी जुळत नाही, आणि फरक किती, तर फक्त 15 मिनिटांचा. पृथ्वीवर इतका लहान फरक ठेवायचा हट्ट कोण करते, हा प्रश्न भूगोलाचाही आहे आणि अभिमानाचाही. शंभराची नोट मोडली तर 160 नेपाळी रुपये येतात आणि हा दर 1993 पासून हललेला नाही. सातवीच्या मुलाला गुणोत्तर शिकवायला याहून चांगला बाजार कुठे मिळेल? हाली सिक्क्याच्या गोष्टी आजोबांकडून ऐकलेल्या नातवाला तर हे अर्धे ओळखीचेच.

म्हणजे शेवटच्या दिवशी करायचे एवढेच: खरेदी बंद करू नका, मुलांना स्वतः पैसे मोडून हिशेब करू द्या. पाट्या वाचू द्या. तिथल्या एखाद्या सरकारी शाळेत तासभर बसवा, तिथल्या मुलांना आमची मुले आणि आमच्या मुलांना तिथली मुले बघू द्या. संध्याकाळी फोटोच्या जागी प्रत्येकाला आपल्या वहीत तीन प्रश्न लिहायला लावा, जे घरी गेल्यावर त्याला विचारले जावेत असे वाटते. ते प्रश्न मास्तरांनी परत आल्यावर पटांगणात वाचायचे. एवढी तयारी पुरे.

नेपाळचे उदाहरण मी मुद्दाम घेतले. भारतीयाला तिथे व्हिसा लागत नाही. 15 ते 18 वयाच्या विद्यार्थ्याला सीमेवर ओळख पटवायला शाळेच्या मुख्याध्यापकाने विहित नमुन्यात दिलेले ओळखपत्र चालते, आणि त्याहून लहानांना पासपोर्टचीही सक्ती नाही. आमच्या मुख्याध्यापकाच्या सहीला देशाच्या सीमेवर किंमत आहे, हे कळल्यावर त्यांचीच छाती आधी फुगेल. उलट एव्हरेस्टवर नेपाळच्या बाजूने चढायचा नुसता परवाना माणशी 11,000 डॉलर होता, आता तो 15,000 डॉलर झाला आहे. साधन, ऑक्सिजन, शेर्पा, प्रशिक्षण वेगळे. एका मुलाच्या परवान्याच्या पैशात एक अख्खा वर्ग बल्लारशाहच्या स्टेशनवरून गाडीत बसून काठमांडू बघून येऊ शकतो. मी मोहिमा थांबवा म्हणत नाही. त्या हव्यात. वर्षानुवर्षे ‘मागास’ हा एकच शिक्का मिरवणाऱ्या जिल्ह्याला त्या पाच नावांनी काय दिले ते इथे राहणाऱ्यालाच कळते. पण राज्यात जवळपास पाचशे शासकीय आश्रमशाळा आहेत. शिखर दहांसाठी असेल, तर सीमा तरी शंभरांसाठी असू दे. त्यात कोलामांची मुले असावीत. कोलाम, कातकरी, माडिया गोंड या राज्यातल्या विशेष दुर्बल जमाती, म्हणजे निवडीच्या यादीत पुष्कळदा शेवटच्या. धावण्याच्या, चढण्याच्या चाचणीत नाही बसली तरी पाट्या वाचायला ती कुठे कमी पडणार आहेत?

मागण्या आता थोडक्यात लिहितो, कारण पत्र लांबले आणि तुमच्या टिपणीसाठी कोणीतरी त्यावर खुणा करणार आहे.

परदेशी सहल असो वा मोहीम, तिच्या शासन निर्णयात परतीनंतरचा शाळेतला दिवस कार्यक्रमाचा भाग म्हणून लिहा. तो दिवस शाळा उघडल्यावरच्या पहिल्या पंधरवड्यात ठेवा, सत्काराच्या तारखेवर तो अवलंबून ठेवू नका. मूल पुढच्या शिक्षणासाठी दुसरीकडे गेले असेल तर त्याला त्या दिवसापुरते आणायची जबाबदारी प्रकल्प कार्यालयाची. आमच्यासाठी चंद्रपूरचे कार्यालय आहेच. मुलांनी गोंडीत, कोलामीत, मराठीत, ज्या भाषेत तोंड उघडेल त्या भाषेत बोलावे. त्यांचे बोलणे उतरवून घेऊन विभागाने साध्या कागदावर छापावे आणि प्रत्येक आश्रमशाळेच्या ग्रंथालयात ठेवावे. गुळगुळीत कागदावरची, पहिल्या चार पानांवर शुभेच्छा असलेली स्मरणिका आम्हाला नको आहे. वर पोचलेल्यांइतकीच पाने खालून वळलेल्यांना द्या.

आणि पैसा. अठराव्या वर्षी हातात 25 लाख येणे ही मुंबईतल्या घरालाही पेलायला जड गोष्ट आहे. आमच्या गुड्यावर तर बँक कुठल्या गावी आहे इथून सुरुवात. बक्षीस जाहीर करताना त्या मुलाला पुढची काही वर्षे शिक्षण, बँक, नोकरीचे अर्ज यांत हाताशी धरणारा एक माणूस नावानिशी नेमून द्या. त्याचा फोन नंबर मुलाकडे असावा आणि त्याने तो उचलावा.

तुमच्या विभागाची पुढची तुकडी निघेल तेव्हा झेंडी दाखवायला मुंबईत माणसांची कमी पडणार नाही. परतीच्या दिवसासाठी मात्र एक तारीख आत्ताच कागदावर यायला हवी. आमच्या बाजूने मुख्याध्यापक तयार आहेत, मुलांचे प्रश्न तर केव्हाचे तयार आहेत. या दिवसाला वेगळे अंदाजपत्रक लागत नाही, एका एसटीच्या भाड्यात तो होतो. शासन निर्णयात दोन ओळी वाढवा आणि त्याची प्रत कोरपन्याला पाठवा.

आपला,
कोरपना तालुक्यातला एक शिक्षक